जास्त भरलेली नाव आमच्या घाटावरून सुटणार नाही

घोड, कुकडी आणि भीमेच्या पाण्यावर पैसे घेऊन माणसं पलीकडे नेणारे तमाम नावमालक व होडीवाले, धरणाच्या फुगवट्यावर पर्यटक फिरवणारे, आणि या सगळ्यांकडे काणाडोळा करणारे पदाधिकारी व अधिकारी यांना या जाहीर इशाऱ्यानं कळवण्यात येतं, की येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत तुम्हाला मुदत आहे. त्यानंतर नोंदणी नसलेली, बाजूला भाररेषा न रंगवलेली, किंवा अंगात लाइफ जॅकेट नसलेली माणसं घेतलेली एकही नाव सुटताना दिसली, तर तिचा फोटो, वेळ आणि आतल्या माणसांची संख्या त्याच दिवशी लेखी तक्रारीसह पोलीस ठाण्यात, तहसील कार्यालयात आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडे जाईल. पोच घेतल्याशिवाय आम्ही कचेरीतून हलणार नाही.

नोटिशीची भाषा इथं संपली. आता सरळ बोलू.

कवठे येमाईच्या माणसांनी नावेबद्दल तोंड उघडावं, याचं कोणाला हसू येईल. शिरूर तालुका म्हटलं की बाहेरच्यांना बिबट्या, कांदा आणि रांजणगावचा गणपती आठवतो. नाव कुठून आली? पाणी आलं तशी आली. वर डिंभे झालं, खाली चिंचणीला घोड धरण झालं, मधल्या पात्रात जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बसले. उन्हाळ्यात ज्या वाळूतून बैलगाड्या जायच्या, तिथं आता पुरुषभर पाणी उभं असतं. रांजणगाव सांडसला मुळा-मुठेचं पाणी भीमेत पडतं, मांडवगण फराटा, वडगाव रासाईच्या कडेनं ते पुढं जातं, आणि दौंड तालुक्याच्या खालच्या टोकाला राजेगाव, खानोट्याकडे उजनीचा फुगवटा येऊन भिडतो. पाणी वाढलं, पाण्यावर जाणारी माणसं वाढली, पाण्याची अक्कल मात्र दुष्काळी राहिली. कोकणातलं पोर होडीत पाय टाकताना मधोमध टाकतं आणि लगेच खाली बसतं. आपलं पोर काठावर पाय देऊन आत उडी मारतं आणि उभं राहून मोबाइल काढतं.

आणि बसतो तरी कशात? पाण्याच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह साफ करायचा असला की ट्रकची ट्यूब. मासे धरायचे तर थर्माकोलचा तराफा. पूर आला की गुऱ्हाळावरची काहील. पाहुणे आले की मासेमारीची जुनी होडी, तिला पाटावर पाट ठोकून बाकडी केलेली. भीमेच्या पात्रात तर वाळू उपसणाऱ्या फायबरच्या बोटी; महसूलवाले त्या जिलेटिन लावून उडवतात आणि काही दिवसांनी दुसऱ्या येतात. ज्या बोटीची बांधणी इंजिन आणि पाइप वाहायला झाली, तिच्यात माणसं बसवायची कल्पनासुद्धा कोणाच्या डोक्यात येऊ नये. त्याच वाळूउपशानं पात्राचा तळ असा खणून ठेवलाय, की काठापासून चार पावलांवर पाणी गुडघ्याएवढं आणि पाचव्या पावलाला ठावच नाही. तेव्हा ‘उलटली तर चालत येऊ, काठ इथंच तर आहे’ हे कोणी ऐकवू नये.

21 मे 2024 ची संध्याकाळ आठवा. करमाळा तालुक्यातल्या कुगाववरून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली नाव उजनीच्या मधल्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात दोन लहान मुलं. एक जण पोहत काठाला लागला आणि त्याच्यामुळे बाकीच्यांचं काय झालं ते कळलं. आपल्या घोडेचं आणि भीमेचं पाणी खाली जाऊन जिथं साठतं, तेच हे पाणी. त्याच उजनीत 30 एप्रिल 2017 ला फिरायला गेलेल्या डॉक्टरांची नाव उलटून चौघे बुडाले होते. दोन अपघातांत सात वर्षांचं अंतर. त्या सात वर्षांत काठावर काय बदललं, ते जाऊन बघा. काठावरच्या माणसाला विचारलंत तर एकच उत्तर येईल: वारं आलं.

वारं आलं, हे खरं. पण वळवाच्या दिवसांत दुपार कलली की वारं येणार, हे शेळ्या राखणाऱ्या पोरालाही कळतं. ते आलं तेव्हा नाव कशी भरलेली होती, एवढंच विचारायचं असतं, आणि तेच कोणी विचारत नाही.

नाव पाण्यावर सरळ का राहते, ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढची भाषा कडक का आहे ते कळेल. नाव एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो. जितका जास्त भाग आत, तितकं पाणी तिथून जास्त वर रेटतं. दुसरी बाजू उचललेली, तिथला रेटा कमी. या फरकानं नाव पुन्हा सरळ होते. मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागतात: नाव पुरेशी रुंद हवी, वजन खाली हवं, आणि काठ पाण्यापासून पुरेसा वर हवा. लांबी तेवढीच, ओझं तेवढंच, पण रुंदी निम्मी, अशी नाव घेतलीत तर हा सावरणारा आधार निम्म्यावर येत नाही, आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून अरुंद होडीला इंजिन लावून तिची ‘लाँच’ होत नसते.

वजन वर गेलं की काय होतं, ते ऊस वाहणाऱ्यांना शिकवायला नको. तेवढ्याच टनांची ट्रॉली, पण मोळ्या वरपर्यंत रचल्या की कारखान्याच्या वळणावर ती पलटते. नावेत माणूस बसलेला असतो तेव्हा त्याचं वजन खाली असतं. तो उभा राहिला की तेच वजन फूटभर वर जातं. दहा जण एकदम उभे राहिले, तर सहाशे किलोचं ओझं एका क्षणात फूटभर उचलल्यासारखं झालं. आणि नावेत कोणी एक उभा राहिला की त्याच्या पाठोपाठ बाकीचेही राहतात. आता त्या दहा जणांना अर्धा मीटर एका बाजूला सरकवा. हिशेब सोपा आहे: साठ किलोची दहा माणसं अर्धा मीटर सरकली, म्हणजे नावेच्या मधल्या रेषेपासून एक मीटरवर तीनशे किलोचं पोतं टांगलं. दीड मीटर रुंदीच्या नावेत एक मीटर म्हणजे काठाच्या बाहेर.

राहिला काठ. पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद, सपाट तळाची नाव धरा. तिच्यात पंच्याहत्तर किलो टाकले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे दहा माणसं जादा घेतली की आठ सेंटिमीटर काठ गेला, आणि वर एक मोटारसायकल चढवली की आणखी दीड. मालकाला वाटतं, चार बोटांनी काय होतंय? काठ पाण्यापासून चाळीस सेंटिमीटर वर असेल, तर अशी नाव साधारण अठ्ठावीस अंश कलेपर्यंत पाणी आत येत नाही. काठ वीस सेंटिमीटर उरला, की पंधरा अंशांत पाणी आत. एवढी कलायला वादळ लागत नाही. शेजारून दुसरी बोट जोरात गेली तरी तिची लाट पुरते.

एकदा पाणी आत आलं की खेळ बदलतो, आणि माझ्या मते माणसं सगळ्यात जास्त गाफील इथंच असतात. तळाला दहा सेंटिमीटर पाणी साचलं, घोटे बुडाले, तर कोणी घाबरत नाही. पाय वर घेऊन बसतात. त्याच पाच बाय दीडच्या नावेत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेसातशे किलो. हे ओझं बांधलेलं नसतं. नाव डावीकडे कलली की ते सगळं डावीकडे धावतं, कललेल्या नावेला आणखी कलवतं. 6 मार्च 1987 ला बेल्जियमच्या झेब्रुगे बंदराबाहेर ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही हजारो टनांची फेरीबोट अशीच गेली. पुढचे दरवाजे उघडे राहिले, मोटारींच्या मजल्यावर पाणी शिरलं, इकडून तिकडे वाहिलं आणि बोट दीडेक मिनिटात आडवी झाली. 193 माणसं मेली. तिथं अधिकारी होते, सनदा होत्या. आपल्याकडे नावेतलं पाणी उपसायला अर्धा कापलेला तेलाचा डबा असतो, आणि तोही पुष्कळदा घरी राहिलेला.

हे सगळं नवीन नाही. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सणाला घरी निघालेली माणसं होती. पावसाळी समुद्र, एका बाजूनं आलेली मोठी लाट, आणि घाबरून दुसऱ्या बाजूला धावलेले उतारू. सहाशेहून जास्त जीव गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, म्हणून मुंबईला पत्ता लागायला कित्येक तास गेले. स्वातंत्र्याला महिना राहिला होता. देश त्या गडबडीत होता, आणि कोकणातल्या गावागावांत एकाच दिवशी सुतक होतं.

लाट नसली तरी हेच होतं. 30 सप्टेंबर 2009 ला केरळात थेक्कडीला, पेरियारच्या संथ तलावात, ‘जलकन्यका’ ही नवी दुमजली बोट उलटली. काठावर जनावरं दिसली, माणसं बघायला एका बाजूला गेली. 45 मृत्यू. भिगवणच्या पाण्यावर रोहित पक्षी दाखवायला नेणाऱ्यांनी ही तारीख आपल्या बोटीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावी. ‘ते बघा, ते बघा’ असं ओरडून पंधरा माणसांना एका काठावर बोलावणारा गाइड मला बोट उलटवणाऱ्यापेक्षा वेगळा वाटत नाही. पुढं 7 मे 2023 ला केरळातच तानूरला पर्यटकांची बोट उलटून 22 जण गेले, त्यात मुलं पुष्कळ. मासेमारीची बोट होती. वर मजला चढवून ती पर्यटनाची केली होती आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं भरली होती. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली: 12 विद्यार्थी, 2 शिक्षिका. तिथंही माणसं जास्त, जॅकेट सगळ्यांना नाही.

महाराष्ट्राबाहेरची उदाहरणं देऊन आपण सुटत नाही. डहाणूला 13 जानेवारी 2018 ला विद्यार्थ्यांची बोट उलटली, तीन मुली गेल्या. अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यात झुंजला 14 सप्टेंबर 2021 ला वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेनिमित्त जमलेल्या नातलगांपैकी 11 जण गेले. एका मयताच्या दहाव्याला आलेली माणसं. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली, 15 मृत्यू. तिथं चूक धडक देणाऱ्याची, हे मान्य. पण जिला 84 उतारू न्यायचा परवाना, तिच्यावर शंभराहून जास्त माणसं होती हेही खरं, आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. जॅकेटची सक्ती दुसऱ्या दिवशी झाली. आपल्याकडे नियम नेहमी तेराव्याला जेवायला येतात.

आता नावमालकांचं म्हणणं. गरिबाचा धंदा आहे, पुलाअभावी लोकांची सोय करतो, मासेमारीत भागत नाही. यातलं एक अक्षरही खोटं नाही. उजनीकाठी नाव नसती तर पलीकडच्या तालुक्याला जायला कित्येक कोसांचा वळसा पडतो. धरणानं रस्ते बुडवले, तेव्हा पूल देणं सरकारचं काम होतं. भोई समाजातल्या जुन्या माणसांना पाण्याची जी समज आहे ती एकाही अभियंत्याला नाही, असंही मी लिहून द्यायला तयार आहे. पण त्या जुन्या माणसांनी कधी काठ बुडेपर्यंत नाव भरली नाही. ते वारं बघून नाव बांधून ठेवायचे आणि उतारूला शिव्या घालून खाली बसवायचे. तेवढा धाक ज्याच्यात नाही, त्यानं नाव चालवू नये.

कायदा नाही, असंही समजू नका. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. यंत्रावर चालणाऱ्या नावेला सर्वेक्षण, नोंदणी, विमा लागतो. वल्ह्याची आहे म्हणून सुटका नाही. अशा नावांसाठी त्याच कायद्यात वेगळं प्रकरण आहे आणि त्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 284 असं सांगतं, की धोकादायक किंवा प्रमाणाबाहेर भरलेल्या नावेतून भाडं घेऊन माणसं नेणं हाच गुन्हा. नाव बुडायची वाट बघावी लागत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड हास्यास्पद आहे, कबूल. पण माणूस मेला की कलम 106 लागतं आणि ते पाच वर्षांपर्यंत जातं.

तेव्हा मागणी ऐका. प्रत्येक नावेची लांबी-रुंदी जाणकाराकडून मोजून घ्या आणि बाहेरून, दोन्ही बाजूंना, पांढऱ्या रंगाची ठळक भाररेषा मारा. रेषा पाण्याला टेकली की नाव भरली, मग घाटावर आमदार उभा असो नाहीतर मालकाचा मेहुणा. किती माणसं, हा आकडा मराठीत, वितीएवढ्या अक्षरांत लिहा. मोटारसायकल आणि माणसं एका खेपेत न्यायची नाहीत. जॅकेट बाकाखाली नको, अंगात हवं, पट्टे आवळून. पाण्यात माणसाचं तोंड वर ठेवायला थोड्या किलोंचा आधार पुरतो, पण तो गळ्याखाली बांधलेला असेल तरच. लहान मुलांना त्यांच्या मापाचं. मोठ्यांचं जॅकेट पोराला घातलं तर पाण्यात जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. हवामान खात्यानं वादळी वाऱ्याचा इशारा दिला त्या दिवशी नाव बंद. अंधार पडल्यावर बंद. धरणातून पाणी सोडलं की बंद.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनी ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ हे वाक्य यापुढं तोंडी वापरू नये; लिहून द्यावं, सही-शिक्क्यासह. कोणाच्या अखत्यारीत येतं तेही त्याच कागदावर लिहावं. आणि फक्त फलक लावून मोकळं होऊ नये. 15 जून 2025 ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीनं कोसळला तेव्हा धोक्याचा फलक तिथं होताच. चार जण गेले. फलक कोणालाही हात धरून मागं ओढत नाही. आम्हाला सुट्टीच्या दिवशी आणि विसर्जनाच्या दिवशी घाटावर माणूस हवा, ज्याला नाव थांबवायचा लेखी अधिकार आहे.

आणि आता आपली पाळी, उतारूंची. चार माणसं जादा मालक ओढून घेत नाही, आपण चढतो. ‘एवढी खेप जाऊ द्या की, लग्नाची वेळ टळतीय’ असं आपणच म्हणतो. सुनेच्या कडेवर पोर असतं आणि सासरा म्हणतो, जॅकेट कशाला, हा काय समुद्र आहे का! दादा, काका, मामा, ज्यांना कोणाला असं म्हणायची सवय आहे त्यांनी पुढच्या खेपेला थांबावं. नावेत चढलात तर मधोमध पाय टाका, लगेच बसा, बसलेले राहा. नाव कलली तर उलट्या बाजूला पळू नका. जागेवरच खाली वाका, वजन तळाला न्या. पाणी आत आलं तर पाय वर घेऊ नका, हाताला लागेल त्यानं उपसा. उलटलीच तर पोहत काठ गाठायच्या नादी लागू नका, उलटलेल्या लाकडी नावेला धरून राहा. ती बहुधा तरंगते आणि शोधणाऱ्याला दिसते.

आम्ही कोणाची नाव फोडणार नाही, दोर कापणार नाही, होडीवाल्यावर हात टाकणार नाही. तसलं काही कोणी करायला आलाच तर त्याची तक्रार आम्हीच करू. पण भरलेली नाव सुटायला लागली तर घाटावर बसू, बायामाणसांसह, आणि चढलेल्यांना नावानं हाका मारून उतरवू. गाव लहान आहे, सगळ्यांची नावं ठाऊक आहेत.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, असा अर्ज काठच्या प्रत्येक गावातल्या ग्रामस्थांनी आपापल्या ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच जपून ठेवावी. नावमालकांनी त्या दिवशी नोंदणीचे कागद आणि विमा घेऊन सभेला हजर राहावं. ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांनी नाव काठावर ओढून पालथी घालून ठेवावी.